खाट दोन हात पुढे

विमानतळाखालच्या एका वस्तीतून आलेली तक्रार एका ओळीची होती. "पहाटे तीनपासून घरघर, झोप लागत नाही." खाली पंचायतीचा शिक्का आणि वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव. तक्रारदाराचं नाव नव्हतं. नाव-पत्ता नसलेली तक्रार आमच्या नोंदवहीत चढत नाही, त्यामुळे ती तशीच परत जायची होती. सरपंचांनी फोनवर एवढंच सांगितलं, "नाव विचारू नका, या आणि ऐका."

गोव्यात विमानतळ दोन. दाबोळीचा नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, आणि मोपाचा ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. दोन्ही जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहेत आणि दोन्हींच्या उतारावर वाडे आहेत. ही गोष्ट कुठली ते लिहिणार नाही.

आवाज मोजायचं काम म्हणजे बहुतांशी मोजलेलं फेकून द्यायचं काम. वारा सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला, की ती मिनिटं बाद. पाऊस बाद, कुत्रं बाद, पदेराचा (पाववाल्याचा) पोंगा बाद. रात्री मीटर लावण्याआधी मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक आवाज देणारं उपकरण, बसवून मीटर ९४ डेसिबल दाखवतं का ते बघायचं, सकाळी काढतानाही तेच. दोन्हींत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर आख्खी रात्र कचऱ्यात.

पहिला आठवडा मीटर नेहमीच्या पद्धतीने लावला. विमानासाठी बेतलेली पद्धत अशी, की आवाज सलग दहा सेकंद ६० डेसिबलच्या वर राहिला तरच ध्वनिमुद्रण सुरू होतं. विमान डोक्यावरून जाताना आवाज चढतो, उतरतो, अर्ध्या मिनिटात खेळ संपतो. त्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर फार तर दोन-तीन विमानं उतरली, तेवढीच नोंदली गेली. बाकी शांतता. "पातळी मर्यादेत" असं लिहून मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं.

या मर्यादेबद्दल थोडं बोलायलाच हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्राला जून २०१८ च्या अधिसूचनेने वेगळी मापं दिली. वर्षाला ५०,००० च्या वर उड्डाणं-उतरणी असतील तर दिवसा ७०, रात्री ६५, आणि त्याहून लहान विमानतळाला ६५ आणि ६०. हे सगळे आकडे सरासरीचे. एका विमानाचा एकूण ध्वनिभार, म्हणजे त्याचा सगळा आवाज एका सेकंदात गोळा केला तर येणारा आकडा, ९० डेसिबल धरला, तर रात्रीच्या आठ तासांत पसरल्यावर त्याचा वाटा ४५.४ उरतो. अशी दहा विमानं गेली तरी ५५.४ च. माणूस दहा वेळा दचकून उठला तरी कागद ६० च्या आत. सरासरीला झोप लागते, माणसाला नाही. हे मी बैठकीत बोललो की साहेबलोक घड्याळ बघतात.

पण या वेळी सरासरीचा दोष नव्हता. आमचं मीटर ऐकतच नव्हतं.

डिसेंबरातली पहाट, तीन वाजलेले. वाडा दरीत, सड्याचा कठडा पाऊण किलोमीटरवर. एका घरात चूल पेटलेली होती आणि तिचा धूर वर जात नव्हता. कौलांवरून निघून माडांच्या कमरेशी आडवा पसरला होता. खाली गार हवा, वर ऊबदार हवेचं झाकण. अशा वेळी वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. वरून मतलई वारा सड्याकडून दरीकडे. दुपारी याच अंगणात विमानतळाची चाहूलही लागत नाही.

अंगणात मला काही जाणवलं नाही. आजी म्हणाल्या, "भायर नाही रे बाबा, आत ये." आतल्या खोलीत उभा राहिलो तरी विशेष नाही. त्यांनी खाटेवर उशीला डोकं टेकायला लावलं. भिंतीत कुणी मोठा भुंगा कोंडून ठेवावा तशी घरघर.

मीटर खाटेच्या डोक्याशी लावलं आणि आवाजाचे पट्टे वेगळे करून पाहिले. १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ५८ डेसिबल, बाकी सगळं सपाट. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून आपण मापाला जो 'ए' भार लावतो तो १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा करतो, म्हणजे कागदावर हे ३९. रात्रीच्या ४५ च्याही आत. ६० चा उंबरठा लावून बसलेलं आमचं यंत्र या आवाजासाठी वर्षभर जागं राहिलं असतं तरी काही नोंदवलं नसतं.

१०० हर्ट्झच्या आवाजाच्या एका लाटेची लांबी सुमारे ३.४ मीटर. टेप लावून पाहिला, खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत जवळपास तेवढीच. असा सूर अशा खोलीत अडकतो. भिंतीलगत आणि मधोमध मोठा, भिंतीपासून पाव लांबीवर लहान. पाव लांबी म्हणजे ८५ सेंटिमीटर. खाट दोन हात पुढे ओढली. आजी पुन्हा आडव्या झाल्या, गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कमी झालं गो बाय." हे सुनेला. मला चहा मिळाला.

कुणी खिडक्यांना दुहेरी काच सुचवेल म्हणून सांगतो, मंगळुरी कौलांच्या घरात तो खर्च पाण्यात. कौलाकौलांत फट असते, आवाज छपरातून येतो.

आता १०० हर्ट्झ कशाचे? पहिला संशय वाड्यातल्या वीज ट्रान्सफॉर्मरवर. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीने गुणगुणतो. पण तो दिवसभर गुणगुणला पाहिजे आणि एका सुरात गुणगुणला पाहिजे. आमचा सूर बारकाईने पाहिला तर नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी, आणि मध्येच क्षणभर ९७ वर घसरून सावरणारा. भार पडला की दम खाणारं ते डिझेल इंजिन होतं. सहा सिलिंडर, मिनिटाला २००० फेरे, दर फेऱ्याला तीन स्फोट, सेकंदाला बरोबर १०० ठोके. विमानाला ४०० हर्ट्झची वीज लागते. ती जमिनीवरून देणाऱ्या डिझेल जनरेटरचा बऱ्याचदा हाच वेग. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसावर, त्याला सगळे जीपीयू (ग्राउंड पॉवर युनिट) म्हणतात.

इथवर मी हुशारी केली. पुढचं मला आजींच्या नातवाने सांगितलं, तेही घराबाहेर, फणसाखाली. तो वर विमानतळावरच रात्रपाळीला. "सर, कधी मी लावतो, कधी दुसरा." तक्रारीवर नाव का नव्हतं ते तेव्हा कळलं. पोलिस पडताळणी होऊन प्रवेशपास मिळायला त्याला महिने लागले होते, रॅम्पवर गाडी चालवायचा परवाना त्यानंतर. वाड्यातली आणखी पाच-सहा मुलं अशीच कंत्राटदाराकडे.

विमान उभं राहतं त्या बेवर (जागेवर) जमिनीतून येणारी पक्की वीज आहे, मग जीपीयू का? प्लगमुळे. विमानाच्या प्लगला सहा खुंट्या, चार जाड, दोन बारीक. बारीक दोन नीट बसल्या नाहीत तर वीज सुटतच नाही. जड केबल तिरकी ओढून ओढून त्यांची भोकं सैल झालेली. प्लगचं पुढचं तोंड बदललं की काम भागतं. पण पक्की वीज एकाच्या ताब्यात, जीपीयू दुसऱ्याच्या, दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या. बिघाडाची नोंद कुणाकडेच नव्हती, कारण जीपीयू होता आणि विमान वेळेवर सुटत होतं. जीपीयूचं बिल तासावर लागतं, हेही जाता जाता.

शिवाय जीपीयूचं आवाजरोधक दार उघडं. बंद केलं की इंजिन तापून बंद पडतं, म्हणून पोरांनी विमानाच्या चाकाखालचा चॉक (अडसर) दारात अडकवलेला. तापायचं कारण रेडिएटर. टॉर्च मारला तर जाळीत जांभ्याच्या धुळीचा लाल लेप, नखाने खरवडला तर वडी निघाली. आणि दार दरीकडे. परदेशी बनावटीच्या यंत्राच्या देखभाल-पुस्तकात आपली तांबडी माती कुठून असणार? दर पंधरवड्याला आतून बाहेर पाणी मारून जाळी धुवावी, एवढं नातवाने मला सांगितलं. वरिष्ठांना त्याने आधी दोनदा सांगितलं होतं.

प्लगचं तोंड बदललं, जाळी धुतली, दार लागलं, जीपीयू फक्त अडीअडचणीला आणि तोही पलीकडच्या बाजूला. १०० हर्ट्झचा पट्टा ५८ वरून ४१ वर आला.

ग्रामसभेत मी आकडे वाचले. मागच्या रांगेतून प्रश्न आले ते टॅक्सीचे, भरतीचे, विहिरीत पडणाऱ्या धुळीचे. माझ्या शेजारचा अधिकारी पुटपुटला, "यांना आवाजाचं काही पडलेलं नाही, नोकऱ्या हव्यात." ज्या घरातून पोरगा पगार आणतो, त्याच घरात घरघर पोचते. त्यांनी दोन वेगळ्या अर्जांत वेगळं रडावं, अशी आपली सोय.

अहवालात मी "पाहणीअंती आढळले" असं लिहिलं. कुणाच्या पाहणीअंती ते लिहिलं नाही, नातवाला जपायचं म्हणून. महिन्याभराने त्याला रॅम्पवरून काढून सामानाच्या ट्रॉल्या गोळा करायला लावलं. रोस्टरचा नेहमीचा बदल, असं कंत्राटदार सांगतो. असेलही. पण रेडिएटर धुण्याबद्दलचं वाक्य मी त्याच्याच शब्दांत उतरवलं होतं, 'आतून बाहेर' आणि 'पंधरवड्याला' सकट, आणि ते वाचणाऱ्यांत त्याचे वरिष्ठही होते.

मार्चमध्ये फेरमापनाला गेलो. आजींनी खाट परत भिंतीला लावलेली नाही. मागच्या दोन हातांच्या जागेत नारळ रचलेत. नातू दिवसपाळीला गेला होता.