हॉलंड, मिशिगन : फावड्यांनी खणलेली वाट

शनिवार, मे महिना. रात्री उशिरा.

आईला घेऊन आज अमेरिकेतल्या या हॉलंड गावी जाऊन आले. ट्यूलिप बघून आई हरखून गेली. लाल, पिवळे, काळपट जांभळे, रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगाच रांगा. फोटो भावाला पाठवून ती झोपलीसुद्धा. माझ्या डोक्यात मात्र फुलांपेक्षा तो कालवाच घोळतोय.

डच म्हटलं की मला लहानपणापासून वेंगुर्ल्याची पडकी वखार आठवते. सतराव्या शतकातले ते डच ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी. १८४७ च्या फेब्रुवारीत व्हॅन राल्टे या धर्मगुरूच्या मागून इथल्या जंगलात शिरलेले डच अगदी निराळे होते. बहुतेक शेतकरी आणि कारागीर. सरकारमान्य चर्चमधून फुटले म्हणून छळ सोसलेले, त्यात बटाट्यावर रोग पडलेला. बर्फात झाडं तोडून त्यांनी झोपड्या उभारल्या आणि उन्हाळ्यात दलदलीतल्या मलेरियाने माणसं पटापट गेली. कितीतरी मुलं अनाथ झाली.

गाव मॅकाटावा तळ्याकाठी आहे. तळ्याचं पाणी पुढे मिशिगन सरोवराला मिळतं, पण तेव्हा मुखाशी वाळू साचलेली असायची. तोंडाशी वाळू साचली की बंदराचं काय होतं, हे वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको! बोटी आत येईनात, माल बाहेर जाईना. सरकारी मदत पुरेना, तेव्हा १८५० च्या दशकात लोकांनीच फावडी उचलली आणि सरोवरापर्यंतची कालव्याची वाट खणली. दुपारी मी त्या वाटेच्या काठाशी उभी होते. समोर ‘बिग रेड’ हे लाल दीपगृह, खालून एक शिडाची होडी सरोवराकडे चाललेली. आई पुढे गेली तरी माझा पाय निघेना. दिवसभर शेतात राबून आलेली माणसं इथे वाळू उपसत होती, ती वाळू पुन्हा घसरून येत असणार, आणि तरी त्यांनी काम सोडलं नाही.

पुढे ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, शिकागो जळत होतं त्याच रात्री, हेही गाव बहुतेक सगळं जळालं. होप कॉलेज आणि पिलर चर्च वाचलं. गाव पुन्हा उभं राहिलं.

ट्यूलिप फार उशिरा आले. १९२७ मध्ये लिडा रॉजर्स या जीवशास्त्राच्या शिक्षिकेने कल्पना मांडली, नगरपालिकेने नेदरलँड्सहून एक लाख कंद मागवले आणि १९२९ पासून उत्सव सुरू झाला. परेडआधी पारंपरिक वेशातली माणसं झाडू-बादल्या घेऊन भर रस्ता घासतात, ते आईला फार आवडलं.

परतताना गाडीत तिने विचारलं, “हेंच्या आदी हय कोण रवत होते गो?”

ओडावा या मूळ अमेरिकन जमातीचे लोक. याच तळ्याकाठी. डचांची वस्ती वाढत गेली आणि १८४९ मध्ये ते उत्तरेकडे, ग्रँड ट्रॅव्हर्स उपसागराकडे निघून गेले. आजच्या परेडमध्ये त्यांचं नाव मला कुठे दिसलं नाही. कालवा खणणाऱ्यांबद्दल जितका आदर वाटतो, तितकीच ही उणीव मला खुपते. ते गेले त्या नॉर्थपोर्टला इथून गाडीने काही तासच लागतात. आई परत जायच्या आत तिला तिकडे न्यायचंय.