नडगीतली पाच सेंटिमीटरची गॅप

चाकणच्या एका कंपनीतला तरुण कामगार. नाशिक हायवेवर बाईक घसरली आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. आधी दुसरीकडे प्लेट लागली होती, हाडातल्या मोकळ्या जागेत सिरॅमिकचे दाणे भरले होते. आमच्याकडे पुण्याला आणलं तेव्हा पुवाबरोबर तेच दाणे जखमेतून बाहेर येत होते. पू असलेल्या जागी कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी भरायचा माल, हे जंतूंना आयतं घर; त्यात रक्त खेळत नाही, मग अँटिबायोटिक तिथवर पोचणार कसं?

प्लेट काढली. टोकांना बारीक ठिपक्यांनी रक्त फुटेपर्यंत मेलेलं हाड कापलं. हाड धरून ठेवायला बाहेरून फिक्सेटर (सळयांची चौकट) लावला आणि गॅपमध्ये 40 ग्रॅम हाडाच्या सिमेंटला 2 ग्रॅम व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक मिसळून ठोकळा बसवला, दोन्ही टोकांवर थोडा चढवून. थिजताना सिमेंट भाजण्याइतकं तापतं, म्हणून सलाइनची धार चालू ठेवावी लागते. ही फ्रेंच सर्जन मास्केले यांची पद्धत. सहा ते आठ आठवड्यांत ठोकळ्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा तयार होतो. मग ठोकळा काढून त्याच पडद्याच्या आत हाडाचा ग्राफ्ट भरायचा.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी सीआरपी (रक्तातली सूज-जंतुसंसर्गाची तपासणी) नॉर्मल, जखम कोरडी. पडदा उभा चिरला, कडांना लगेच रक्त आलं. ठोकळा छिन्नीने फोडून तुकड्यांनी काढला, कारण ओढून काढला तर पडदा फाटतो. फिक्सेटरच्या जागी लॉकिंग प्लेट (स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसतात ती) बसवली.

मग हिशेब. व्यास 3 सेंमी, लांबी 5 सेंमी, म्हणजे साधारण 35 सीसी ग्राफ्ट हवा. कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागातून 25 निघाला. उरलेला मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिशू बँकेतला, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला. त्यात जिवंत पेशी नसतात, तो नुसता सांगाडा. म्हणून प्रमाण एक तृतीयांशाच्या आतच ठेवलं.

कमरेवरचा छेद पुढच्या टोकापासून 3 सेंमी मागे घेतला. पुढे सरकलो तर मांडीच्या कातडीची संवेदना नेणारी नस सापडते आणि माणूस पाय सुधारला तरी मांडीच्या आगीची तक्रार करत राहतो. वरचं झाकण उघडून क्युरेटने (खरवडायच्या चमच्याने) आतलं मऊ हाड काढलं. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे, रक्ताने भिजलेल्या गॉजमध्ये झाकलेले. ओटीच्या दिव्याखाली उघडे वाळले की पेशी मरतात. भरतानाही ठासायचं नाही. नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला वाट लागते. शेवटी पडदा शिवून बंद.

आईने विचारलं, "सायेब, कमरंचं हाड काढलं, आता पोरगं चालंल का?"

"चालेल, मावशी. पण पहिले काही दिवस नडगीपेक्षा कंबरच जास्त दुखेल. आणि याच्या खिशातली तंबाखूची पुडी तुम्हीच काढून घ्या."

ते उगाच नव्हतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, ग्राफ्ट उपाशी राहतो. पुढच्या, समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाच्या चारपैकी तीन कडा जुळलेल्या दिसेपर्यंत पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, वॉकर सोडायचा नाही, असं डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं.