जुनी वेकबोर्ड बोट शोधताना: या वेळी फक्त तळाबद्दल

वेकबोर्डिंगसाठी (पायांना पाटी बांधून, दोरी धरून बोटीमागे ओढलं जायचं) जुनी बोट शोधतेय, तो शोध बऱ्यापैकी पुढे सरकलाय. बजेट आणि साइझ आधीच ठरली होती, म्हणजे 21 ते 23 फूट, व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागच्या टोकाला), टॉवरवाली (दोरी बांधायची उंच कमान), साधारण 2003 ते 2010 मधली, तर आता एकाच गोष्टीवर लिहिते, ते म्हणजे हल, बोटीचा तळ. इतक्या बोटी वरून-खालून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय की जुनी बोट घेताना पैसे हलचे मोजायचे. टॉवर नंतर बसवता येतो, बॅलास्टच्या पिशव्या (वजनासाठी पाणी भरायच्या) आणता येतात, स्पीड कंट्रोल बदलता येतो, स्पीकर तर कोणीही लावून देतं. तळ मात्र जो आहे तो आहे, तो काही बदलत नाही.

आमची गरज आधी सांगते म्हणजे पुढचं समजेल. आम्ही ऑस्टिनला असतो. लेकीला वेकबोर्डिंगचं वेड, वेकवरून, म्हणजे बोटीमागे दोन्ही बाजूंना उठणाऱ्या लाटेवरून, छोट्या उड्या जमतात आणि आता तिला एका वेकवरून उडून थेट दुसऱ्या वेकवर उतरायचंय. नवरा जुना स्लॅलमवाला (एका स्कीवर नागमोडी जाणारा), त्याला मागचं पाणी जितकं सपाट मिळेल तितकं हवं. आणि पाणी दोन प्रकारचं, सकाळी लेक ऑस्टिन हा तलाव, म्हणजे मॅन्सफिल्ड आणि टॉम मिलर या दोन धरणांच्या मधला अरुंद पट्टा, पहाटे गेलात तर काचेसारखा, आणि नाहीतर लेक ट्रॅव्हिस, जिथे शनिवार-रविवारी मोठ्या क्रूझर बोटींनी पाणी असं उसळलेलं असतं की दात वाजतात. म्हणजे एकाच हलकडून तीन कामं हवीत, लेकीला मोठा वेक, नवऱ्याला छोटा, आणि लाटांत कंबर शाबूत राहायला हवी.

आता मुद्द्याचं. मागच्या बाजूने, ट्रान्समजवळून (बोटीची मागची उभी भिंत) तळ बघितला की दोन्ही बाजू मधल्या रेषेपासून किती चढत जातात तो कोन म्हणजे डेडराइज. टोकाची उदाहरणं घ्या, एकीकडे पत्रावळ आणि दुसरीकडे द्रोण. पत्रावळीसारखा सपाट तळ चटकन पाण्यावर चढून धावायला लागतो, कमी पाणी बाजूला सारतो, म्हणून वेक लहान आणि मऊ, स्लॅलमच्या बोटी याच वळणाच्या. द्रोणासारखा खोल व्ही पाण्यात खोल बसतो, वजन टाकलं की आणखी बसतो, जास्त पाणी ढकलतो, वेक मोठा, आणि उसळलेलं पाणी कापत जातो त्यामुळे आपटत नाही. किंमत कुठे मोजायची तर पेट्रोलमध्ये, आणि उभी असताना ती जास्त डुलते, दोन माणसं एका बाजूला गेली की लगेच कळतं.

विक्रेते हा कोन सहसा सांगत नाहीत, पण तो ट्रेलरवरच मोजता येतो. ट्रान्समपासून हातभर पुढे, स्ट्रेक (तळावरच्या लांब उंचवट्याच्या पट्ट्या) वगैरे सोडून जिथे सपाट जागा असेल तिथे फोन कव्हर काढून रुंदीच्या दिशेने खालून टेकवायचा, लेव्हलचं ॲप लावायचं, आकडा लिहायचा, मग दुसऱ्या बाजूलाही तेच. ट्रेलर एका अंगाला कललेला असेल तर एक आकडा मोठा येतो, दुसरा लहान, दोन्हीची सरासरी काढली की खरा कोन मिळतो. आता मी प्रत्येक बोटीखाली पाठीवर झोपून आधी हेच करते, लोक बघत राहतात, बघू देत.

त्याहून महत्त्वाची चाचणी पट्टीची. चार-पाच फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ट्रान्समपासून पुढे, लांबीच्या दिशेने तळाला लावायची आणि पलीकडून टॉर्च मारायचा. पट्टी दोन टोकांना टेकली आणि मधून उजेड आला तर तळ आत गेलाय, याला हुक म्हणतात. असा तळ पुढचं टोक खाली दाबतो, मागचा भाग उचलतो आणि वेक मारून टाकतो. पट्टी मध्ये टेकून टोकांना डुलली तर तो रॉकर, त्याने पुढचं टोक वर जातं, मागचा भाग बसतो आणि वेक वाढतो. थोडा हुक किंवा रॉकर डिझाइनमध्ये मुद्दाम ठेवलेला असू शकतो, पण दोन बाजूंना वेगवेगळं दिसलं तर शंका घ्या. ट्रेलरच्या चुकीच्या जागी लावलेल्या बंकवर (बोट टेकायच्या फळ्या) बोट वर्षानुवर्षं उभी राहिली की तळ तिथे दबतो. एका बोटीत डाव्या बाजूला पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती आणि उजवीकडे काहीच नाही, पाण्यावर नेल्यावर तिचे दोन वेक दोन वेगळ्या बोटींचे वाटावेत इतका फरक. ती तिथेच सोडली.

रॉकरचं सगळ्यात चांगलं उदाहरण टिजे, ही कंपनी आपल्या टेक्ससचीच, ॲबिलीनची. त्यांच्या कॉन्व्हेक्स व्ही हलमध्ये मागचा भाग मुद्दाम बाहेर फुगवलेला असतो, त्यामुळे फारसं वजन न टाकताही बोट मागे बसते. मग ट्रान्समवर टॅप्स नावाची हलणारी प्लेट असते, ती खाली केली की मागचा भाग उचलला जातो आणि वेक उतरतो. म्हणजे स्वभाव मोठ्या वेकचा, हवा तेव्हा बटणाने कमी करायचा. मालिबूचा वेज बरोबर उलटा चालतो, ट्रान्समवरचं पातं पाण्यात सोडलं की ते मागचा भाग खाली ओढतं, हजारेक पौंड बॅलास्टचं काम पाणी न भरता होतं, आणि वर घेतलं की बोट पुन्हा हलकी. माझ्यासारख्या दोन आवडींच्या घरात हे दोन्ही विचार पटतात, बॅलास्ट भरत-उपसत बसण्यापेक्षा लाखपटीने बरे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नॉटिकची सुपर एअर 210 चालवली, तिचा वेक उंच आणि उभा, वरची कड टणक. लेक उडी मारून आली आणि म्हणाली, "आई, हा वर फेकतो गं, पुढे नेतच नाही." ज्यांना हवेत उंच जायचंय त्यांच्यासाठी ती कमाल बोट आहे, पण जी मुलगी अजून पलीकडे पोचायला शिकतेय तिला लांब उताराचा, रॅम्पसारखा वेक जास्त शिकवतो. मालिबू व्हीएलएक्सवर तिचे शब्द होते, "इथे मला वेळ मिळतो." मी हे वहीत लिहून ठेवलं, कारण माझ्या दृष्टीने अख्ख्या शोधाचं उत्तर त्यात आहे, उंचीपेक्षा आकार बघा. सेंच्युरियनच्या एन्झो खोल व्हीच्या, ट्रॅव्हिसच्या लाटांत सगळ्यात मऊ त्याच चालल्या आणि बोटीमागच्या लाटेवर सर्फिंगला सुंदर, घरात सर्फर असता तर प्रश्नच नव्हता. मूंबा मोबियस एलएसव्ही पैशाच्या मानाने भरपूर देते, पण वजनाशिवाय तिचा वेक मला फारच शांत वाटला.

इथेच एक सांगते, रिकाम्या बोटीवर निकाल देऊ नका. कोणता हल वजन टाकल्यावर कसा बदलतो हे बघायचं असतं, म्हणून मैत्रिणीकडून दोन पिशव्या आणि पंप उसने घेऊन जाते. गॅलनभर पाणी 8.34 पौंडांचं, म्हणजे 750 पौंडांच्या पिशवीत 90 गॅलन, ताशी 800 गॅलनचा पंप असला तरी एकेक पिशवी सात मिनिटं खाते, तेवढा वेळ विक्रेत्याला आधी सांगून ठेवायचा. वजन मागे सरकवलं की वेक उभा होतो, पुढे सरकवलं की लांब आणि उताराचा, आणि बहुतेक हल या फरकातच आपला स्वभाव दाखवतात. आणि हो, पाणीही वजनच आहे, बोटीच्या क्षमतेत माणसं आणि पिशव्या दोन्ही धरायच्या.

स्पीड आणि दोरीही आपलीच ठेवायची. लेक 65 फुटांच्या दोरीवर ताशी 21 मैलांनी जाते, तर प्रत्येक बोटीवर तेच. स्पीड कमी केला की वेक उभा होतो आणि कडेला पांढरा फेस सुटायला लागतो, वाढवला की स्वच्छ आणि लांब होतो. मागे तोंड करून मी एवढंच बघते की वेकची कड बोटीपासून कुठपर्यंत हिरवी, काचेसारखी राहते आणि कुठे फुटायला लागते. लेकीच्या अंतराच्या आधीच फुटत असेल तर तो हल त्या वजनाला आणि स्पीडला आमच्या कामाचा नाही, मग उंची कितीही असो. एकच बाजू फुटत असेल तर आधी माणसांना इकडून तिकडे बसवून बघा, प्रॉपेलर फिरतो त्याच्या जोराने बोट जराशी कलतेच.

अजून एक, मॉडेलचं नाव सारखं म्हणजे हल सारखा असं समजू नका. मालिबूतच डायमंड, कट डायमंड, वेक अशी हलची नावं ऐकाल, आणि कंपन्या वर्षागणिक तळ बदलतात. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर 12 अक्षर-अंकी हल नंबर असतो, त्यातले शेवटचे दोन अंक मॉडेल वर्षाचे, ते जाहिरातीतल्या वर्षाशी जुळवा आणि मग त्या वर्षाचं ब्रोशर शोधा.

बजेट कमी असल्याने जे नव्वदच्या दशकातल्या बोटी बघतायत त्यांनी लाकडी स्ट्रिंगर (तळाला बळ देणारे आतले लांब दांडे) आधी तपासा, त्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच बोटींत ते असायचे आणि पाणी मुरलं की आतून कुजतात. इंजिन माउंटचे बोल्ट हलकेच आवळून बघा, नुसतेच फिरत राहिले तर आतलं लाकूड गेलंय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. जेलकोटवरच्या (बाहेरचा चकचकीत थर) कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक रेघांना लगेच घाबरू नका, पण त्या उचलायच्या कड्यांभोवती किंवा स्ट्रटच्या (प्रॉपेलरच्या दांड्याचा आधार) मुळाशी असतील तर जाणकार माणूस बोलवा.

ट्रॅव्हिसमध्ये 2017 पासून झेब्रा शिंपले आहेत, ते बोटीतल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यांत पसरतात, त्यामुळे बोट बाहेर काढली की सगळं पाणी उपसायचा नियम आहे आणि बॅलास्टच्या टाक्यांत थोडं पाणी उरतंच. म्हणून मी टाक्यांपेक्षा उचलून बाहेर काढता येणाऱ्या पिशव्यांकडे झुकतेय, आणि त्यामुळेही कमी पाण्यात वेक देणारा हल हवा.

तर आता यादीत दोनच उरल्यात, वेजवाली व्हीएलएक्स आणि टिजे 22व्ही. लेकीचं मत व्हीएलएक्सला, माझं थोडंसं टिजेला, कारण ट्रॅव्हिसवर ती मला जास्त स्थिर वाटली. नवऱ्याने अजून टिजेवर स्लॅलम केलेलं नाही, तो म्हणतो, "अगं, प्लेट पूर्ण खाली करून 32 मैलांना मागचं पाणी कसं दिसतं ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," आणि ते बरोबरच आहे. पुढच्या फेरीत तेच करणार, शिवाय व्हीएलएक्सचा वेज वर घेऊन त्याच स्पीडला. दोन्हींचे फोटो एकाच अंतरावरून काढून टाकते.

22व्ही चालवणारं कोणी असेल तर सांगा, वेकबोर्डला प्लेट कितीवर ठेवता आणि मागच्या लॉकरमध्ये किती वजन टाकता? आणि व्हीएलएक्सवाल्यांनो, वेज खाली असताना पुढे किती वजन ठेवलं की कड फुटायची थांबते?