पालखी कधी येणार, ते कुणीच सांगत नाही

शिमग्याला कोकणात जायचं असेल तर कोकण रेल्वेचं तिकीट आणि महामार्गाची अवस्था या दोन्हींवर मी काही बोलत नाही. रडगाणं होईल. मित्राचं गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. तिथे पोचलो, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन झोपलो, आणि दुसरा दिवस सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, गावदेवाची पालखी नाचताना बघण्यात गेला. ढोलांनी अजून कान दुखतायत.

खरं सांगायचंय ते त्या रात्रीबद्दल. पालखी वाडीत येणार म्हणून खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवून, रांगोळी घालून सगळे तयार. मी आठ वाजल्यापासून विचारतोय, किती वाजता येईल? मित्राच्या काकी म्हणाल्या, "तुमी बसा वो, येताना ढोल वाजतोच." बारा वाजले. एक वाजला. देवाच्या आधी कुणी जेवत नाही, त्यामुळे पोटात कावळे. मी मनातल्या मनात गावाच्या नियोजनाचे वाभाडे काढत होतो. मित्राने समजावलं की वेळ ठरलेली नसते, क्रम ठरलेला असतो. आधी मानकऱ्यांची घरं, मग वाडीवार, आणि एकही घर वगळायचं नाही. आजारी म्हातारी एकटी असली तरी तिच्या दारात देव थांबणार, ओटी भरली जाणार, गाऱ्हाणं म्हणजे देवाला साकडं घातलं जाणार.

दीडच्या सुमारास पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, ढोल आला. खळ्यात शिरायच्या आधी गावकराने, म्हणजे गावच्या प्रमुख मानकऱ्याने, ओरडून खांदा बदलायला सांगितलं आणि शेजारच्या घरातला एक माणूस पुढे झाला. दुसऱ्या टोकाला होता मित्राचा काका. या दोघांची आंब्याच्या झाडावरून कोर्टात केस चालू आहे, बोलणं कित्येक वर्षांपासून बंद. दोघांनी एकच पालखी उचलली, नाचवली, घामाघूम झाले, खाली ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. एकाने पाणी प्यायलं, दुसरा तंबाखू मळत बसला. सकाळी दोन्ही घरांमध्ये कुंपण होतं तसंच.

मी मित्राला म्हटलं, मग उपयोग काय? तो चिडला. "केस कोर्टात आहे ना? मग देवाचं काम अडवायचं का?" मला हे उत्तर आवडलं. गावातला एकोपा म्हटलं की आपल्याला गळ्यात गळे दिसतात. इथे प्रेम असो-नसो, कामं वाटून दिलेली असतात आणि ती टाळली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. विहीर उपसायची असो की रात्री कुणाला साप चावला म्हणून दवाखान्यात न्यायचं असो, उठून येणारी माणसं हीच. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी गावकीच्या खोल्या असत, एकेका खोलीत गावचे कितीतरी गडी पाळीपाळीने पथारी टाकत. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यातले बरेच गावी परतले, पण गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या बैठका आजही भरतात आणि शिमग्याचा हिशेब तिथेच होतो. बंद घरं या दिवसांत उघडतात. ज्याला यायला जमत नाही, त्याच्या दारात शेजारी ओटी भरतो.

हे सगळं गोड-गोड आहे असं नाही. मानपानावरून इथे भांडणं होतात, काही गावांत ती इतकी वाढतात की पोलीस बंदोबस्त लागतो. मित्राच्या गावात पालखीला खांदा पुरुषांचाच; बायका रात्रभर चुलीपाशी आणि ओटीच्या ताटापाशी. मित्राच्या बहिणीला मी याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "खांद्याचं राहू दे, आधी भांडी घासायला कुणीतरी या." मी गेलो. दोन पातेली घासून कमरेत उसण भरली.

निघताना मी वर्गणी द्यायला गेलो. हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनी पैसे परत केले. "वर्गणी चुलीमागं असते. तुमची चूल हय काय हितं?" देणगी म्हणून चालेल म्हणाले, पावतीपुस्तक वेगळं. वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, पुण्याच्या एका माणसाने जागा घेऊन बंगला बांधलाय, त्याची चूल धरता का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. तो विषय म्हणे दोन वर्षं बैठकीत आहे. एक बाजू म्हणते, घर आहे म्हणजे देव गेलाच पाहिजे. दुसरी म्हणते, आधी त्याने पाखाडी साफ करायला यावं.

मी देणगीची पावती घेतली.