गुहागर ते जयगड: गार इंजिन आणि 'एच'वरचा काटा

दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरलो आणि गुहागरच्या वाटेवर, चढावर, आमच्या जुन्या ओम्नीचा टेंपरेचरचा काटा एकदम 'एच'ला, म्हणजे 'गरम'च्या खुणेला टेकला. इंजिन लगेच बंद केलं. वाफ नाही, वास नाही, बाटलीतलं कूलंट खुणेवर. तरी अर्धा तास थांबलो. काटा खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खराच धरायचा. आणि तापल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

उलगडा सकाळी झाला. गाडी रात्रभर माडाखाली उभी होती. नुसती चावी ऑन केली, तर काटा थेट 'एच'वर. घरमालक काका म्हणाले, "अहो, गार गाडी तापेल कशी? वायरिंग बघा."

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून सीट उचलली. तिथे इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्याला एकच वायर असते, अर्थिंग इंजिनातूनच मिळतं. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो आणि काटा चढतो. म्हणजे ही वायर वाटेत कुठे बॉडीला टेकली, तर इंजिन गार असतानाही काटा वरच जाणार. सेन्सरवरची वायर काढा, चावी ऑन करा. काटा 'सी'ला, म्हणजे 'थंड'च्या खुणेला आला, तर सेन्सर गेलाय. 'एच'वरच राहिला तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. पेट्रोलचा काटाही वेडावाकडा हलत असेल, तर आधी मीटरचा सप्लाय आणि अर्थिंग बघा.

आमचा काटा हलला नाही. वायर चाचपत गेलो. पत्र्याच्या एका क्लिपपाशी आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं, खाऱ्या हवेने हिरवं झालेलं. तेवढा तुकडा कापला, टोकं खरवडून जोडली, टेप गुंडाळली. काटा खाली आला.

उलटा दोष मला जास्त भीतीदायक वाटतो. टर्मिनल गंजलं किंवा वायर तुटली, की काटा 'सी'वरच पडून राहतो आणि इंजिन खरंच तापलं तरी कळत नाही. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला, तरी काटा कमी दाखवू शकतो. म्हणून किनाऱ्याने येणाऱ्यांनी रोज सकाळी, गार इंजिनावर, कूलंट बघावंच. सेन्सर बदलायची वेळ आलीच, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू देऊ नका, अर्थिंग तुटतं. टेप, थोडी वायर आणि कूलंटची बाटली सोबत असू द्या.

वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला पोचलो. बोटीची वाट बघताना पुन्हा बाटली पाहिली. पातळी तसूभरही हलली नव्हती. जयगडच्या चढावर काटा निम्म्याच्या खाली, स्थिर.