मामांची पांढरी कावीळ, जी झालीच नव्हती

मिरजेत डायलिसिससाठी नाव घालायला गेलं की आधी रक्ताचे तीन रिपोर्ट मागतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस-बीची तपासणी. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, किडन्या मधुमेहानं गेल्या आणि तासगाव-मिरज ये-जा सुरू झाली, तेव्हा तिन्ही 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' होते. म्हणजे कशाचीच लागण नव्हती. सिस्टरनी कागद बघितले आणि लगेच हिपॅटायटिस-बीच्या लसीची चिठ्ठी हातात दिली. आमच्याकडं ह्या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात.

लस लगेच का, तर डायलिसिसमध्ये पेशंटचं रक्त मशीनमधून फिरतं आणि हातभर अंतरावरच्या खाटेवर दुसऱ्याचं फिरत असतं. हा विषाणू भलता चिवट. वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा किमान ७ दिवस तो जिवंत राहतो. म्हणून लागण असलेल्या पेशंटचं मशीन वेगळं, खोली वेगळी, जमलं तर सिस्टरही वेगळी. किडनीच्या माणसाला डोसही दुप्पट. धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅम तर मामांना ४०. इतरांना सुरुवातीला, मग महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात असे तीन डोस, तर मामांना दुसऱ्या महिन्यातला एक धरून चार. फिश्च्युला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शिरा जोडून केलेली जागा, डाव्या हातात, त्यामुळं सुई उजव्या दंडात. कमरेवर ही लस घेत नाहीत. चरबीत गेली की असर कमी होतो.

दोन डोस झाले आणि सेंटरच्या नियमित तपासणीत एचबीएसएजी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोविडात सर्वेक्षणाची ड्यूटी केलेली, त्यामुळं 'पॉझिटिव्ह' म्हटल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलतात ते मला नवीन नव्हतं. तरी पोटात गोळा आला. मामा मात्र आरशासमोर उभे राहिले, "मला कुठं कावीळ झालीया? डोळं बघ की माझं!" डोळे पांढरे स्वच्छ होते, पण हिपॅटायटिस-बीत ते पिवळे व्हायलाच हवेत असं नाही. घरी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढला. शेजारच्या काकू कावीळ उतरवणाऱ्या एका बाईंचा पत्ता घेऊन आल्या. ताटावरून आमच्यात थोडी खडाजंगी झाली. हा विषाणू रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्यानं नाही. ताट परत मांडणीवर गेलं, पण तांब्या पुढं बरेच दिवस बाजूलाच राहिला. काकूंना मी चहा दिला आणि पत्ता ठेवून घेतला. वाद घालायला त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं.

खरा प्रश्न सेंटरमध्ये उभा राहिला. रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणून पुढच्या पाळीला मामांना 'पॉझिटिव्हच्या मशीनवर' घ्यायचं ठरलं. टेक्निशियन नियमाप्रमाणंच वागत होता. मी फक्त डॉक्टरांना एकदा फोन लावा म्हणून अडून बसले. किडनीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लसीचा शेवटचा डोस कधी दिला?" कार्ड काढून बघितलं तर आदल्याच आठवड्यात. ते म्हणाले, "मग त्यांना त्या मशीनवर अजिबात घेऊ नका. शेवटच्या पाळीत, वेगळ्या मशीनवर करा. रिपोर्ट खोटा निघाला, तर निरोगी माणसाला आपणच लागणीच्या तोंडी दिल्यासारखं होईल."

नंतर ओपीडीत त्यांनी नीट समजावून सांगितलं. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणातलं प्रथिन. आणि लसीत असतं तेही तेच प्रथिन, यीस्टमध्ये तयार केलेलं. विषाणू नसतो, नुसतं त्याचं कवच. टोचल्यावर काही दिवस हे कवच रक्तात फिरत राहतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत रक्त काढलं तर मशीनला ते सापडतं. मशीन खोटं बोलत नसतं, पण हे कवच लसीचं की आजाराचं हे त्याला कळायचा मार्गच नाही. डोसनंतर १८ दिवसांपर्यंत असं आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि डायलिसिसच्या पेशंटांत ते जास्त दिसतं, कारण त्यांना डोसही दुप्पट असतो. तपासणी डोसच्या आधी करावी, नाहीतर पुढं चार आठवडे थांबावं, एवढाच त्यावर उपाय.

जुन्या मिरजेतले लॅबवाले ह्या तपासणीला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. बरूच ब्लमबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात हे प्रथिन ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं, तिथून ते नाव. १९७६ चं नोबेल त्यांना मिळालं. ओपीडीच्या बाकड्यावर बसून मी मोबाइलवर हे वाचत होते. वेळ जायला दुसरं होतं काय.

शंका मिटवायला आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्यातली महत्त्वाची 'अँटी-एचबीसी', म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी. लसीत गाभा नसतोच, त्यामुळं लसीनं ही अँटिबॉडी कधी तयार होत नाही. ती सापडली तर खरा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, किंवा अजून आहे. शिवाय विषाणूच्या डीएनएची पीसीआर. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसलं होतं, पण हे नमुने बाहेर जाणार होते आणि पैसे खिशातून. बेदाण्याचे पैसे तेवढ्यात आले म्हणून निभावलं. खबरदारी म्हणून घरातल्या सगळ्यांचंही रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट आले. मामांचा गाभ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, डीएनए नाही. चार आठवडे उलटल्यावर एचबीएसएजी परत केलं, तेही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. मामा आपल्या जुन्या मशीनवर, जुन्या शेजाऱ्याशेजारी गेले. आता आणखी लस नको म्हणून ते अडून बसले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लसीनंच पॉझिटिव्ह केलं ना? त्यावर कवच आणि गाभ्याचं पुराण मी लावलं, आणि शेवटी सिस्टर एकदा ओरडल्या म्हणून ते तयार झाले.

चकित केलं ते माझ्या मिस्टरांच्या रिपोर्टनं. त्यांचं एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीएस, म्हणजे कवचाविरुद्धची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आणि अँटी-एचबीसीसुद्धा पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस-बीची लस त्यांनी जन्मात घेतलेली नाही. म्हणजे कधीतरी पांढरी कावीळ त्यांना येऊन, बरी होऊन, गेलीसुद्धा, आणि कुणाला पत्ता नाही. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवजणांचं शरीर विषाणूला आपणहून हुसकून लावतं. तान्ह्या बाळाचं मात्र उलट, तिथं दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. म्हणूनच आता जन्मल्याबरोबर २४ तासांच्या आत पहिला डोस देतात. मिस्टरांना कुठून लागली असेल? रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्यात काचेची सिरिंज उकळून अख्ख्या गावाला टोचणारे डॉक्टर त्यांना आठवतात, जत्रेतला न्हावीही आठवतो. डॉक्टर म्हणाले, आता शोधून काही मिळायचं नाही.

एकाच विषाणूची ही तीन नावं मला तेव्हा कुठं वेगवेगळी दिसायला लागली. कवच सापडलं तर वाईट, कवचाविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर चांगलं, गाभ्याविरुद्धची सापडली तर जुना इतिहास. आणि कागदावर तिन्हींसमोर तेच 'रिअ‍ॅक्टिव्ह', तेही ठळक अक्षरांत. हे छापणाऱ्याला एकदा आमच्या आत्यांसमोर बसवलं पाहिजे.

चौथ्या डोसनंतर दीडेक महिन्यानं टायटर केला, म्हणजे कवचाविरुद्धची अँटिबॉडी मामांच्या रक्तात किती आहे ते मोजलं. ह्यात नुसतं हो-नाही नसतं, आकडा येतो. १० किंवा जास्त असेल तर संरक्षण मिळालं असं धरतात. मामांचा आला ४.६. निरोगी तरुणांत दहातले नऊ किंवा त्याहून जास्त जण ही रेषा ओलांडतात. किडनी गेलेल्यांत बरेच जण मागं राहतात, कारण रक्तात साचणारी घाण प्रतिकारशक्तीलाही मंद करते. त्यात वय आणि साखर. मामांनी विचारलं, "म्हंजी चार डोस वाया?" डॉक्टर म्हणाले, वाया नाही, पण पुरेसे नाहीत. सगळं परत पहिल्यापासून.

आमच्या गल्लीत एकजण कोविडच्या अँटिबॉडीचा मोठा आकडा खिशात घेऊन फिरायचे आणि मास्क लावायचे नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं की तिथं अशी १० ची रेषा का नव्हती. ते म्हणाले, हिपॅटायटिस-बीची रेषा कितीतरी वर्षं लस घेतलेल्या लोकांना लागण होते का हे बघून ठरली. कोविडात एवढ्याहून जास्त म्हणजे सुरक्षित, असा सर्वमान्य आकडा हाताशी नव्हता. मला २०२० मधलं आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, अँटिबॉडी तपासणारं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण आठवलं. त्यात आपला सांगली जिल्हाही होता. देशभरात मिळून ०.७३ टक्के प्रौढांना मे महिन्यापर्यंत लागण होऊन गेली असावी, असा अंदाज त्यातून निघाला. विषाणू किती जणांपर्यंत पोचला एवढंच ते सांगत होतं. ज्याच्या रक्तात अँटिबॉडी निघाली तो पुढं सुरक्षित आहे की नाही, ह्याचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्या फेरीनंतर मामांचा टायटर ६२ आला. "किती पायजे?" "दहा." "मग बास की आता!" पण बास नाही. निरोगी माणसाचा आकडा एकदा १० च्या वर गेला की पुढं उतरला तरी चिंता करत नाहीत, कारण शरीरातल्या स्मरणपेशी ओळख ठेवून असतात आणि विषाणू आला की परत अँटिबॉडी तयार करतात. डायलिसिसच्या पेशंटांत त्यावर विसंबत नाहीत. दरवर्षी टायटर, आणि १० च्या खाली गेला की एक बूस्टर. आता मामांच्या कार्डावर सिस्टर डोसची तारीख लिहितात आणि तिच्याखाली चार आठवड्यांनंतरची, तिच्याआधी एचबीएसएजी करायचं नाही म्हणून.

मिस्टरांचा रिपोर्टही त्याच फाइलीत लावलाय. बरा झालेला विषाणूसुद्धा यकृतात थोडाफार दडून राहतो, आणि पुढं कधी केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली तर परत डोकं वर काढू शकतो. त्या वेळी डॉक्टरांना हा कागद दाखवायचा, असं बजावलंय. मिस्टरांना ते काही पटत नाही. आपण आयुष्यात कधी आजारी पडलोच नाही, असं ते अजून सांगत असतात.