कीर्तनाचं शूटिंग आणि माझे दोन कॅमेरे

आमच्या गावच्या सप्ताहात नाना पखवाज वाजवतात. कीर्तनाचं रेकॉर्डिंग त्यांना हवं असतं ते अभ्यासासाठी. हात कुठे घसरला, लग्गी (जलद वाजवायचे बोल) कुठे जड झाली, हे दुसऱ्या दिवशी दुपारी बसून ते ऐकतात. म्हणून दोन तासांचं कीर्तन सलग मिळायला हवं, मधे एकही मिनिट न तुटता.

माझ्याकडे तेव्हा फक्त मिररलेस होता, म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा. २००८ साली कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर सिनेमासारखं चित्र निघतं हे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी पाहिलं. तेव्हापासूनची ती ओढ मलाही लागली होती. टेपवरचा जुना हँडीकॅम मी केव्हाच देऊन टाकला होता.

पहिल्या रात्री नऊला महाराज उभे राहिले. साडेनऊला स्क्रीनवरचा लाल ठिपका गेला. २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की तो कॅमेरा आपोआप थांबायचा. मी लगेच पुन्हा बटण दाबलं. दहाच्या सुमाराला मात्र वायर बघायला पुढे गेलो होतो, परत येईपर्यंत सात मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "अरे, महाराजांनी चाल चढवली तिथंच तुटलंय. मला तेवढंच ऐकायचं होतं."

फार वाईट वाटलं. मग कारण शोधलं. युरोपात ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा जकातीसाठी व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जादा कर लागायचा. तो टाळायला कंपन्या फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद आधीच थांबवत. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा नाही. असा एक मित्राकडून आणला, तर काल्याच्या कीर्तनाला पत्र्याखालच्या उन्हात ४के, म्हणजे जास्त बारकाव्याचं, शूटिंग करताना तो तापून बंद पडला.

आवाजाचंही तेच. मिक्सरमधून बाहेर येणारी आवाजाची वायर, म्हणजे लाईन, थेट कॅमेऱ्याच्या माईकच्या छोट्या जॅकमध्ये घातली आणि टाळांच्या जागी नुसती खरखर आली. लाईनचा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो त्या जॅकला सोसत नाही.

पुढच्या वर्षी भाड्याने कॅमकॉर्डर, म्हणजे खास व्हिडिओचा कॅमेरा, आणला. चित्र टिपणारा त्याचा सेन्सर एक इंची. एक्सएलआरच्या, म्हणजे मिक्सरच्या तीन पिनांच्या मोठ्या वायरच्या, दोन जागा आणि शेजारीच लाईन-माईकचं बटण. मिक्सरवरून वायर ओढली, बटण लाईनवर केलं, आवाज स्वच्छ. एक कार्ड भरलं की रेकॉर्डिंग आपोआप दुसऱ्यावर जातं, मधलं काही गळत नाही. मोठी बॅटरी दोन तासांनंतरही शिल्लक होती. आणि झूम! मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळून सगळे टाळकरी एका चौकटीत, तिथूनच अंगठ्याने हळूहळू दाबत महाराजांच्या चेहऱ्यापर्यंत. मिररलेसवर एवढ्यासाठी कीर्तन चालू असताना लेन्स बदलावी लागली असती.

फोकसची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. फुलफ्रेमचा सेन्सर ३६×२४ मिलिमीटरचा, एक इंची नुसता नावाला, तो १३.२×८.८ मिलिमीटरचा. मोठ्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर, म्हणजे तिचं छिद्र पूर्ण मोकळं करून, उघडली की मागचं सगळं विरघळतं. दिसायला देखणं, पण महाराज निरूपणात अर्धं पाऊल पुढे आले की डोळे धूसर. शिवाय कीर्तनात मागचे टाळकरी विरघळून चालतच नाहीत. महाराजांनी ओळ सोडली की ती तेच उचलतात, ते दिसायलाच हवेत. छोट्या सेन्सरवर दोघंही स्पष्ट राहिले.

तरी मिररलेस विकला नाही. पहाटे काकड्याला समयांचा उजेड असतो, तिथे कॅमकॉर्डरच्या चित्रात दाणे येतात. तेव्हा मी तीच १.८ ची लेन्स लावून नानांच्या जवळ बसतो. डाव्या पुडीवर लावलेली ओली कणीक, थाप पडली की तिच्या कडेला उठणारी बारीक थरथर, नानांच्या बोटांना चिकटलेलं पीठ. हे कॅमकॉर्डरने कधीच टिपलं नसतं. इथे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पुरतात.

आता सप्ताहात रात्री कॅमकॉर्डर खांबाजवळ स्टँडवर आणि पहाटे मिररलेस हातात. दोन्हींवर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, म्हणजे ट्यूबलाईटचे पट्टे येत नाहीत. परवा नानांनी पूर्ण दोन तास ऐकलं. चाल चढते त्या जागी तीनदा मागे घेतलं आणि पखवाज पुढे ओढून तीच लग्गी वाजवायला लागले.